परभाषेच्या सेवेत तीन मराठी संपादक

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांच्या इतिहासाकडे महाराष्ट्राचे लक्ष बेताचेच गेले आहे. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर ही राजघराण्यांची ठिकाणे सोडली, तर परमुलखात पिढ्यानपिढ्या नांदलेल्या भिक्षुकांची, कारकुनांची आणि शाळामास्तरांची नोंद कोणी फारशी ठेवली नाही. अशा साध्या कुटुंबांतून निघालेल्या तीन माणसांची ही हकीकत आहे. माधवराव सप्रे, सखाराम गणेश देऊसकर आणि बाबूराव विष्णु पराडकर ही त्यांची नावे. तिघेही संपादक, तिघांचीही मातृभाषा मराठी, आणि तिघांचेही आयुष्य दुसऱ्या भाषेच्या सेवेत खर्ची पडलेले. पहिल्याने आणि तिसऱ्याने हिंदीची चाकरी केली, मधल्याने बंगालीची. हिंदी वृत्तपत्रांचा इतिहास सप्रे आणि पराडकर ह्यांच्या नावांवाचून लिहिता येत नाही, आणि वंगभंगाच्या चळवळीची कथा देऊसकरांच्या एका पुस्तकावाचून पुरी होत नाही. पुण्यामुंबईकडच्या सुशिक्षितांपैकी किती जणांनी ही तिन्ही नावे ऐकली असतील, ह्याचा अंदाज न केलेलाच बरा.

ही मंडळी त्या त्या मुलखात पोचली कशी, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांची गादी होती. पुढे रायपूरला सुभा झाला. त्या अंमलाबरोबर कारभारी, पुराणिक, वैद्य अशी मराठी कुटुंबे तिकडे गेली, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर त्यांतली पुष्कळशी तिथेच राहिली. काशीची गोष्ट निराळी. तिथे पंचगंगेच्या आणि दुर्गाघाटाच्या आसपास महाराष्ट्रीय वैदिकांची आणि शास्त्र्यांची वस्ती पेशवाईच्याही आधीपासूनची. त्या वस्तीचा आणि छापील हिंदीचा संबंध जुना आहे. १८४५ साली काशीहून निघालेल्या ‘बनारस अखबार’चे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते हे मराठीच होते. देऊसकरांचे घराणे त्याहून पूर्वेला, संथाळ परगण्यात, वैद्यनाथधाम देवघराजवळच्या करौं गावी स्थायिक झालेले. कोकणातल्या देऊस गावाचे नाव तेवढे त्यांनी आडनावात जपून ठेवले होते.

माधवराव सप्रे ह्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी झाला. वडील कोंडोपंत परिस्थितीने गांजलेले. पोटासाठी कुटुंब बिलासपुराकडे सरकले. वडीलभाऊ बाबूराव ह्यांनी संसाराचा भार उचलला म्हणून माधवरावांचे शिक्षण पार पडले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण ह्या भावाचे ऋण पुढे फार जड व्हायचे होते. बिलासपूर, रायपूर, जबलपूर अशा शाळा-कॉलेजांतून माधवराव शिकले. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे नावाच्या शिक्षकांनी त्यांना हिंदीची गोडी लावली, आणि अखेर कलकत्ता विद्यापीठाची बी. ए.ची पदवी त्यांनी मिळविली. त्या काळी मध्यप्रांतातल्या बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी चालत येत असे. माधवरावांनी ती वाट धरली नाही. पेंड्रा नावाच्या आडवळणाच्या जमीनदारीत राजकुमाराचे शिक्षक म्हणून ते राहिले, आणि पगारातून चार पैसे मागे पडताच त्यांनी एक मासिक काढले.

ते मासिक म्हणजे ‘छत्तीसगढ मित्र’. पहिला अंक जानेवारी १९०० चा. संपादक म्हणून माधवरावांच्या जोडीला रामराव चिंचोलकर होते, प्रकाशनाची बाजू वामन बळिराम लाखे ह्यांनी सांभाळली. तीनही नावे मराठी आणि मासिक हिंदी, हे पाहून आज कोणाला नवल वाटेल. त्या तिघांना ते वाटले नसावे. ज्या लोकांत राहायचे, त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलायचे, इतका साधा हा हिशेब होता. छत्तीसगड हा विद्येच्या दृष्टीने मागासलेला मुलूख; छापखाना जवळ नाही, वाचक थोडे, वर्गणी देणारे त्याहून थोडे. मासिक तीन वर्षे चालले आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडले. घाटा तिघांच्या वाट्याला आला. परंतु ह्या तीन वर्षांत एक मोठे काम होऊन गेले. नव्या हिंदी पुस्तकांची परखड, सविस्तर आणि मुद्देसूद परीक्षणे ‘छत्तीसगढ मित्रा’त येऊ लागली. तोवर हिंदीत पुस्तकाचा अभिप्राय म्हणजे पोच आणि स्तुती असाच प्रकार बहुधा असे. ग्रंथ तपासून घ्यायचा असतो, लेखकाचा मुलाहिजा बाजूला ठेवायचा असतो, ही रीत त्या लहानशा मासिकाने घालून दिली. ह्या कामी निबंधमालेपासून चालत आलेली मराठीची शिदोरी सप्र्यांच्या पाठीशी होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा छापली गेली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते, आणि वाटेत एका गरीब म्हाताऱ्या विधवेची झोपडी येते. वकिलांचे हात ओले करून तो ती झोपडी बळकावतो. एके दिवशी म्हातारी येते आणि चुलीसाठी त्या जागेतली टोपलीभर माती मागते. टोपली भरून झाल्यावर ती जमीनदारालाच म्हणते की, एवढी हात लावून उचलून द्या. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचे ओझे झेपत नाही, तर ह्या सगळ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे वागवाल, असे ती विचारते; तो वरमतो, क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो. हिंदीतली ही पहिली लघुकथा, असे काही टीकाकार मानतात. इतर काही तो मान दुसऱ्या कथांना देतात. वाद कसाही सुटो, पान-दीड पानाच्या त्या गोष्टीत फाफट्याचा एक शब्द नाही.

पुढची काही वर्षे धांदलीची गेली. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदी शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला, तेव्हा अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम सप्र्यांकडे आले. नागपुरास त्यांनी हिंदी ग्रंथमाला सुरू केली. १९०६ साली स्वदेशी आणि बहिष्कार ह्या विषयावरचे त्यांचे पुस्तक निघाले, ते सरकारच्या डोळ्यांत सलले आणि पुढे जप्त झाले. अशातच टिळकांचा ‘केसरी’ हिंदीत आणावा असे त्यांच्या मनाने घेतले. टिळकांची अनुमती मिळाली, आणि १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ साप्ताहिकाचा पहिला अंक बाहेर पडला. मराठी ‘केसरी’तले लेख हिंदीत येऊ लागले, त्यांच्या बरोबरीने प्रांतातले विषयही आले. जो मजकूर पुण्याच्या ओट्यांवर वाचला जाई, तो आता उत्तरेकडच्या गावांत वाचला जाऊ लागला. टिळकांच्या नावाला हिंदी प्रांतांत जो मान मिळाला, त्यात ह्या साप्ताहिकाचा वाटा फार मोठा आहे.

१९०८ हे साल ह्या लोकांच्या कसोटीचे. एप्रिलच्या अखेरीस मुझफरपूरला बाँब पडला, जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्टला, राजद्रोहाच्या कलमाखाली सप्र्यांना नागपुरात पकडण्यात आले. ‘देशसेवक’चे संपादक अच्युतराव कोल्हटकर हेही त्याच सुमारास पकडले गेले. सप्रे कच्च्या कैदेत होते. प्रकृती ढासळलेली होती. शिक्षा होणार हे दिसतच होते आणि ती भोगण्याची त्यांच्या मनाची तयारीही होती. अशा वेळी बंधू बाबूराव तुरुंगात भेटीस आले. क्षमापत्र लिहून दे आणि सुटून ये, नाही तर मी जीव देईन, असे त्यांनी माधवरावांना निर्वाणीने सांगितले. ज्या भावाने स्वतः खस्ता खाऊन शिकविले, ज्याला बापाच्या जागी मानले, तो भाऊ समोर उभा राहून हे बोलत होता. माधवरावांनी कागदावर सही केली आणि नोव्हेंबरमध्ये ते सुटले.

सरकारी दप्तराच्या दृष्टीने क्षमापत्र हा एक साधा कागद असतो. त्यावर शेरा पडतो, क्रमांक पडतो, आणि फाइल बंद होते. माधवराव सप्र्यांच्या आयुष्यात मात्र ती फाइल कधीच बंद झाली नाही. टिळक मंडालेच्या तुरुंगात बसले आहेत आणि त्यांच्या पत्राची हिंदी आवृत्ती चालविणारा माफी मागून घरी आला आहे, हे लोकांनी बोलून दाखविले. त्यांनी न बोलताही ते सप्र्यांना कळत होतेच. ह्या प्रसंगावर दोन मते होऊ शकतात. देशापुढे भाऊ कोण, असे कठोरपणे विचारणारे तेव्हाही होते. दुसऱ्या बाजूने, ज्याने आपल्याला वाढविले त्याच्या मरणावर आपली कीर्ती उभारावी काय, हाही प्रश्न पोकळ नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सप्र्यांनी स्वतः दुसऱ्या प्रश्नाचा आधार कधी घेतला नाही. भावाकडे बोट दाखवून त्यांनी सुटका करून घेतली नाही. चूक आपली, प्रायश्चित्तही आपणच घ्यायचे, असे त्यांनी ठरविले.

ते वर्ध्याच्या हनुमानगडावर समर्थ संप्रदायातले श्रीधर विष्णु परांजपे ह्यांच्याकडे गेले. दासबोधाचे वाचन, मनन, मधुकरी मागून निर्वाह, असा क्रम त्यांनी धरला. बी. ए. झालेला, दोन नियतकालिके चालविलेला, प्रांतभर नाव असलेला हा माणूस झोळी घेऊन दारोदार हिंडत होता. रायपूरला परतल्यावरही अंगावरचे जाडेभरडे कपडे आणि राहणीतले वैराग्य गेले नाही. सभेत पुढे बसणे, अध्यक्ष होणे, नावाने मिरवणे हे त्यांनी जवळजवळ वर्ज्य केले. त्यानंतरच्या अठरा वर्षांत त्यांनी पुष्कळ संस्था उभ्या केल्या. मुलींसाठी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. माखनलाल चतुर्वेदींसारख्या तरुणांना हाताला धरून पुढे आणले. १९२० च्या जानेवारीत जबलपुराहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले, तेव्हा त्यामागची खटपट सप्र्यांची आणि संपादकाच्या जागी नाव माखनलालांचे, अशी व्यवस्था झाली. तीच त्यांना रुचत असे.

पण ह्या प्रायश्चित्ताचे खरे फळ म्हणजे त्यांचे अनुवाद. दासबोध त्यांनी हिंदीत आणला. १९१५ साली टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या हिंदी भाषांतराचे काम सप्र्यांकडे आले. ज्या टिळकांच्या मागोमाग तुरुंगात जाऊन आपण परत फिरलो, त्यांनीच तुरुंगात बसून लिहिलेला ग्रंथ आपल्या हाताने उतरवून काढायचा, ह्यात सप्र्यांच्या मनाचे काय झाले असेल ते त्यांनी कुठे लिहून ठेवण्याची गरजही नव्हती. मूळ ग्रंथाच्या पाठोपाठ, १९१६ साली, हिंदी ‘गीतारहस्य’ पुण्याहून छापून निघाले. मीमांसकांची परिभाषा, पाश्चात्त्य नीतिशास्त्राचे खंडनमंडन आणि टिळकांची लांब, युक्तिवादाने गच्च भरलेली वाक्ये हे सर्व हिंदीत आणताना त्यांनी कोठे पाल्हाळ केला नाही आणि कोठे अंगचोरपणाही केला नाही. उत्तर हिंदुस्थानात ज्या कुणी ‘गीतारहस्य’ वाचले, त्याने ते बहुधा सप्र्यांच्या शब्दांत वाचले. त्यानंतर चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचे भाषांतर ‘महाभारत मीमांसा’ ह्या नावाने त्यांनी केले. आपण महाराष्ट्रीय असलो तरी हिंदीचा अभिमान आपल्याला कोणाही हिंदीभाषकाइतकाच आहे, असे ते म्हणत. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना दिले गेले. हा मान त्यांनी आग्रहास्तव घेतला. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूरला त्यांचे निधन झाले, तेव्हा वय पंचावन्नाच्या आतच होते.

सप्र्यांहून दीड वर्षांनी मोठे असलेले सखाराम गणेश देऊसकर हे स्वभावाने अगदी निराळे. त्यांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ चा. पाच वर्षांचे असताना आई गेली. विधवा आत्याने वाढविले आणि तिच्याकडूनच मराठी पोथ्यांचा संस्कार झाला. घरात मराठी आणि बाहेर बंगाली असे बालपण गेले. देवघरला त्या वेळी राजनारायण बसू उतारवयात येऊन राहिले होते. त्यांच्या सहवासात ह्या मराठी मुलाला देशाच्या प्रश्नांची जाण आली. मॅट्रिक झाल्यावर ते त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाले, आणि फावल्या वेळात कलकत्त्याच्या ‘हितवादी’ पत्रात लिहू लागले. देवघरच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या जुलुमांवर त्यांनी लेख लिहिले, तेव्हा नोकरी की लेखणी असा सवाल त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी शाळा सोडली, कलकत्ता गाठले, आणि ‘हितवादी’च्या कचेरीत मुद्रिते तपासण्याच्या कामावर रुजू झाले. त्याच पत्राच्या संपादकाच्या खुर्चीवर पुढे ते बसले.

बंगाल आणि मराठे ह्यांचा पूर्वसंबंध सुखाचा नव्हता. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. मराठ्यांचे बारगीर म्हणजे बंगाल्यांचे ‘बर्गी’. त्या बर्गींची दहशत बंगाली आयांच्या अंगाईगीतांत जाऊन बसली. मराठी इतिहासकारांनी ह्या स्वाऱ्यांचे मोजमाप बहुधा चौथाईच्या रकमेने केले. ज्यांची गावे जळली त्यांचे मोजमाप अर्थातच वेगळे होते. अशा प्रांतात शिवाजीमहाराजांचा उत्सव सुरू करण्याचे धाडस देऊसकरांनी १९०२ साली केले. नुसता उत्सव करून ते थांबले नाहीत. शिवाजी म्हणजे बर्गी नव्हे, शिवाजीचे राज्य ही प्रजेच्या संरक्षणाची योजना होती, हे त्यांनी बंगालीत पुस्तके लिहून समजावून दिले. १९०४ साली ‘शिवाजीर दीक्षा’ ही त्यांची पुस्तिका निघाली, तिच्यासाठी रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. दोन वर्षांनी, १९०६ च्या जूनमध्ये, खुद्द टिळक कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवाला आले आणि शहराने त्यांचे अपूर्व स्वागत केले. ज्या प्रांतात मराठा हा शब्द मुलांना भीती घालण्यासाठी वापरला जाई, तिथे हे घडले. त्याचे पुष्कळसे श्रेय देवघरच्या ह्या शाळामास्तराकडे जाते.

रानडे, बाजीराव, आनंदीबाई जोशी अशी मराठी चरित्रेही त्यांनी बंगालीत लिहिली. पण त्यांची कीर्ती आहे ती ‘देशेर कथा’ ह्या पुस्तकावर. हे १९०४ साली, वंगभंगाच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले. इंग्रजी अमलात ह्या देशाचे धन कसे बाहेर गेले, विणकर कसे बुडाले, शेतकरी कसा कर्जात रुतला, ह्याची आकडेवार हकीकत त्यात आहे. दादाभाई, रानडे, रमेशचंद्र दत्त आणि डिग्बी ह्यांनी इंग्रजीत जे सिद्ध केले होते, ते इंग्रजी न जाणणाऱ्या बंगाली गृहस्थापर्यंत आणि विद्यार्थ्यापर्यंत देऊसकरांनी पोचविले. भाषा आवेशाची नाही. आकडेच असे आहेत की, आवेश वाचणाऱ्याला यावा. थोड्याच वर्षांत पुस्तकाच्या पाच आवृत्त्या संपल्या, स्वदेशीच्या सभांतून त्याचे उतारे वाचले गेले, आणि १९१० साली सरकारने ते जप्त केले. टिळकांच्या खटल्यावर त्यांनी लिहिलेले ‘तिलकेर मोकद्दमा’ हे पुस्तकही त्याच वेळी जप्त झाले. सहा वर्षे ते पुस्तक मोकळे राहिले, ह्याचेच कोणाला आश्चर्य वाटावे.

१९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. ‘हितवादी’च्या चालकांचा कल मवाळांकडे, टिळकांविरुद्ध अग्रलेख लिहा, असे त्यांनी संपादकाला सांगितले. देऊसकरांनी लेख लिहिला नाही, राजीनामा लिहिला. त्यानंतर राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात ते बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवू लागले. मातृभाषा मराठी असलेला माणूस कलकत्त्यातल्या बंगाली मुलांना बंगाली शिकवीत होता, ह्यापेक्षा अधिक मोठे प्रशस्तिपत्र कोणते? परंतु पुस्तके जप्त झाल्यावर त्यांचे तिथे असणे चालकांना अवघड वाटू लागले, आणि १९१० साली तीही जागा त्यांनी सोडली. पत्नी आणि एकुलता मुलगा आधीच हे जग सोडून गेले होते. ते करौंला परतले आणि २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांनी देह ठेवला.

बाबूराव पराडकर हे देऊसकरांचे नात्याने भाचे. जन्म काशीचा, १६ नोव्हेंबर १८८३ चा; वडील विष्णुशास्त्री संस्कृतचे पंडित. १९०६ साली ते कलकत्त्याला मामांच्या छायेत आले आणि ‘हिंदी बंगवासी’त काम करू लागले. पुढे ‘हितवार्ता’, पुढे ‘भारतमित्र’. मामांच्या ‘देशेर कथा’चे हिंदी भाषांतर ह्या भाच्याने ‘देश की बात’ ह्या नावाने केले. राष्ट्रीय महाविद्यालयात त्यांनी काही काळ हिंदी आणि मराठी शिकविले. क्रांतिकारकांशी सूतही तिथेच जुळले. १९१६ साली सरकारने त्यांना पकडले आणि खटला न चालविता सुमारे साडेतीन वर्षे अडकवून ठेवले. १९२० साली सुटून ते काशीला आले, तेव्हा शिवप्रसाद गुप्त हे ‘आज’ नावाचे दैनिक काढण्याच्या तयारीत होते. ५ सप्टेंबर १९२० रोजी, जन्माष्टमीला, ‘आज’चा पहिला अंक निघाला. त्या पत्राशी पराडकरांचे नाव जे जोडले गेले, ते मधला ‘संसार’ दैनिकातला काही वर्षांचा काळ वगळता, अखेरपर्यंत.

दैनिकाचे काम मासिकासारखे सवडीचे नसते. रोज संध्याकाळी इंग्रजी तारांचा ढीग येऊन पडतो, आणि रात्र उलटण्याआधी त्यातून हिंदी मजकूर व्हावा लागतो. कोश उघडून बसायला वेळ नसतो, आणि त्या काळी उघडावा असा कोशही नव्हता. पराडकरांनी ह्या रात्रपाळीत शब्द घडविले. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’, अनेक नावांपूर्वी लावायचे ‘सर्वश्री’, असे कितीतरी शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. शब्दांच्या जन्माचे दाखले मिळत नसतात, त्यामुळे एखाद्या शब्दाबद्दल वाद होऊ शकेल; पण हिंदी वर्तमानपत्राच्या भाषेला जे वळण आणि जी शिस्त आली, ती ‘आज’च्या कचेरीतून आली ह्याबद्दल हिंदीतल्या जाणत्यांत दुमत नाही. वेदशास्त्री बापाकडून आलेले संस्कृत, घरातली मराठी, कलकत्त्याची बंगाली आणि काशीच्या गल्लीतली हिंदी ह्या चारी भाषा त्यांच्या कानात एकाच वेळी जाग्या होत्या, हे त्याचे रहस्य असावे. १९३० च्या सत्याग्रहात छापखान्यांवर बंदी आली, ‘आज’ बंद ठेवावा लागला, तेव्हा ‘रणभेरी’ नावाचे गुप्त पत्रक निघू लागले. पोलिस छापखाना शोधीत काशीच्या गल्ल्यांतून फिरत आणि ‘रणभेरी’ घरोघर पोचत असे. त्यामागे हे सोज्ज्वळ, अबोल संपादक होते.

त्यांच्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. १९२५ साली वृंदावनला हिंदी संपादकांचे पहिले संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष पराडकर होते. हिंदी वृत्तपत्रे तेव्हा दरिद्री होती. कागदाची उधारी, पगाराची थकबाकी आणि जामिनाची टांगती तलवार हेच त्यांचे वैभव. अशा सभेत अध्यक्षांनी सांगितले की, पुढे पत्रे सर्वांगसुंदर होतील, आकार मोठा होईल, छपाई देखणी होईल, चित्रे येतील, खप वाढेल. पण ती काढायला श्रीमंतांचे भांडवल लागेल, आणि त्या पत्रांत प्राण राहणार नाही, संपादकाला आजच्याएवढे स्वातंत्र्य उरणार नाही. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांना त्या महिन्याचा कागद कुठून आणावा ही विवंचना होती. भाकीत म्हणून ते शब्द पुढे शंभर वर्षे हिंदी पत्रकार एकमेकांना सांगत आले आहेत. १९३८ साली सिमल्याच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि १२ जानेवारी १९५५ रोजी काशीतच वारले.

काशीच्या मराठी घरांतून ह्याच वाटेने आलेले लक्ष्मण नारायण गर्दे ह्यांची हकीकतही अशीच विस्ताराने सांगण्यासारखी आहे. ती स्वतंत्रपणे व्हावी.

हे तिघे मराठीला अंतरले काय, असा प्रश्न महाराष्ट्रात अधूनमधून विचारला जातो. त्यात थोडी तक्रारीची छटा असते. प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुस्तकांच्या यादीत आहे. सप्र्यांनी हिंदीला जे दिले ते रामदास, टिळक आणि वैद्य. देऊसकरांनी बंगालीला दिले ते शिवाजी, बाजीराव आणि रानडे. मराठीत जे होते ते उचलून त्यांनी शेजाऱ्याच्या घरात नेऊन ठेवले, आणि शेजाऱ्याने ते आपले म्हणून वापरले. देवाणघेवाणीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे ह्या तिघांचे लेखन मराठी वाचकापर्यंत आणण्याचे काम, महाराष्ट्राकडे बाकी राहिले. जुन्या वृत्तपत्रांच्या फायली वाळवीच्या तोंडी जात आहेत हे पाहून भोपाळला १९८४ साली एक संग्रहालय उभे राहिले. तिथे हिंदी पत्रांबरोबर इतर भाषांतल्या जुन्या नियतकालिकांचे अंकही जतन केले आहेत. त्या संग्रहालयाला नाव दिले आहे ते माधवराव सप्र्यांचे.